आठवं नाव

डहाणू रोडच्या फलाटावर त्या सकाळी इतकं धुकं होतं, की गाडी आली ती नुसती ऐकूच आली. आमच्या आरोग्य मंडळाचे चिटणीस अण्णा हातात यादी घेऊन एकेक नाव पुकारत होते. सात तरुण डॉक्टर उतरले. आणि मी, वसुमती, मंडळाची एकुलती एक कारकून, भर थंडीत घामाघूम झाले होते. कारण आठवा डॉक्टर जगात नव्हताच. तो मी बनवला होता!

काय करणार? तलासरीच्या पाड्यांवर बाळंतपणात बाया जात होत्या, आणि तिथलं काम शिकवणाऱ्या आमच्या फुकट शिबिराकडे एक डॉक्टर फिरकत नव्हता. मुंबईच्या कॉलेजात साठ पत्रं धाडली. चिखल्याचा समुद्र, घोलवडचे चिकू... सगळी लालूच दाखवली. अर्ज आले सात. "आठ नाहीत, तर शिबीर रद्द. कायमचं," अण्णा म्हणाले. मग आठवा अर्ज मीच भरला, मनात आलं ते नाव घालून. निवडलेल्यांची यादी कॉलेजच्या फळ्यावर लागलीसुद्धा.

"डॉक्टर शांताराम उपासनी!" अण्णांनी पुकारलं.

"हजर," धुक्यातून आवाज आला.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. उंच, सावळा, हातात छोटी पेटी... माझ्याकडे बघून तो किंचित हसला. मेलं, हसणंही गोड होतं!

तलासरीत त्याच्यापासून चार हात लांब राहायचं मी ठरवलं. जमलं कुठं? "शांताराम" अशी हाक आली, की तो आधी मागे वळून बघायचा. हजेरीपटावर सही मागितली, की "उद्या करतो." तिसऱ्या दिवशी भर दुपारी तर कहरच झाला. डॉक्टरांना गावातली बाळंतपणं समजावणारी म्हातारी सुईण बुधीबाई त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

"याच्या मागं अजून एक हाय," ती म्हणाली. "त्यालाबी बसू द्या." आणि चटईवर सरकून तिनं जागा केली.

परतताना ताडांखालून आम्ही दोघंच चालत होतो.

"सारखं माझ्या पायांकडे का बघता?"

"धूळ... धूळ लागलीय."

"सरळ आहेत ना? की उलटे?"

"थट्टा नको हं!"

"मग हात धरून बघा. गार लागला, तर पळा."

धरला. चांगला ऊबदार होता. सोडायचा मात्र राहून गेला.

पाचव्या दिवशी पाड्यावरच्या सुकीचं बाळ पायाळू आलं. बुधीबाईच्या जोडीनं त्यानं माय-लेकरू दोघांना वाचवलं. बाहेर येऊन तो हात धूत होता, तेव्हा मला राहवेना.

"तुम्ही कोण आहात? ते नाव... मी बनवलेलं आहे."

त्यानं तांब्या खाली ठेवला.

"मी विष्णू. यंदाच डॉक्टर झालो. शांताराम माझा दादा. त्याच कॉलेजातून डॉक्टर झाला आणि चौथ्या महिन्यात विषमज्वरानं गेला. तीन वर्षं आई घरात त्याचं नाव कुणाला घेऊ देत नाही... आणि फळ्यावर बघतो तर त्याचं नाव! त्याला कोण बोलावतंय, ते बघायला आलो. पण अण्णांनी पुकारलं, तेव्हा — त्याला कुणी गैरहजर म्हणावं, हे मला सोसवेना."

मला रडूच फुटलं. तशीच अण्णांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. अण्णा लालबुंद झाले.

"डॉक्टर आठ आहेत, शिबीर चालेल. पुढच्या वर्षीही होईल," शेवटी ते म्हणाले. "पण तू उद्यापासून येऊ नकोस."

नोकरी गेली. पण शिबीर राहिलं, आणि मला तेच हवं होतं.

विष्णू दाराशी उभा होता.

"आईला सांगावं लागेल," तो म्हणाला. "दादाला कुणी बोलावलं ते."

"काय सांगाल?"

"मी नाही. तुम्हीच येऊन सांगा. आणि... आणि राहा. मला तुम्ही हव्या आहात, वसुमती."

"मला भीती वाटते."

"दादाची?"

"छे! तुमच्या आईची."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "घरात आम्ही दोघंच असतो."

"तिघं," मी म्हणाले.

बुधीबाईसारखीच मी सरकून त्याच्या मागच्याला जागा केली. मी त्याचा हात धरला.

"आता चौघं."