सरकत्या खोलीचा उंबरा

शिक्रापूरहून काम आटोपून स्कूटीवर घरी निघाले होते... आणि तळेगावच्या अलीकडे चक्क एक खोली रस्त्यात आडवी आली. नव्या कोऱ्या कॅराव्हॅनच्या कुशीतून बाहेर आलेली, खिडकीला पडदे लावलेली, आणि एका अंगाला तिरकी. आमच्या वर्कशॉपात मी गाड्यांना अशाच, बटणावर आत-बाहेर सरकणाऱ्या खोल्या बसवते. न थांबता कशी जाणार?

गाडीच्या आत एक उंच तरुण भिंतीवरच्या बटणाकडे केविलवाणा बघत उभा होता.

"परत दाबू नका," मी दारातूनच म्हणाले.

त्यानं झटकन हात मागं घेतला. "तुम्ही कोण?"

"सृष्टी. ह्या खोल्या बसवायचंच काम करते. काय केलंत हिला?"

"काय न्हाई... पूजा केली."

त्याचे चुलते हौसराव आबा अभिमानानं पुढं झाले. "घर बाहेर आलं म्हंजी उंबरा आला की, पोरी. त्याच्यावर नारळ फोडायला मीच सांगितलं."

उंबरा म्हणजे खोली जिथं गाडीला मिळते, तिथली लोखंडी कड. करवंटीचा तुकडा तिथल्या फटीतून खाली, खोली सरकवणाऱ्या दात्यांच्या पट्टीत गेला होता. खोली आत घेताना एक बाजू अडकली, दुसरी पुढं गेली. आता ना ती आत जात होती, ना गाडी हलवता येत होती.

"गिऱ्हाइकाला आम्ही सगळं शिकवतो," मी म्हणाले. "नारळ कुठं फोडायचा न्हाई, तेवढं राह्यलं."

"तुम्ही शिकवायला असता, तर ध्यान दिलं असतं," तो पुटपुटला... आणि स्वतःच लाजला. सत्यजीत त्याचं नाव.

मला हसू आलं. पण फटीत डोकावले आणि ते विरून गेलं. हात कोपरापर्यंत आत घालायचा, करवंटी धरायची, आणि मोटरनं खोली केसभर बाहेर घ्यायची, तरच तुकडा सुटणार होता. बटण वर दाबलं की खोली बाहेर, खाली दाबलं की आत. आत आली, तर माझा हात गेलाच. माझ्या वडिलांची, बापूंची बोटं कंपनीच्या प्रेसमध्ये अशीच गेली. कुणीतरी ओरडलं, आणि बटणावरच्या माणसानं घाबरून दाबलं. तेव्हापासून बटणावर परका माणूस मला चालत नाही. पण वर्कशॉप सुटलेलं, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झालेल्या. थांबून भागणार नव्हतं.

"मी सांगेन तवाच दाबायचं. आन् वरच."

"भ्या वाटतंय का तुम्हाला?"

"व्हय."

"मला पण," तो म्हणाला. हे ऐकून धीर यावा असं त्यात काहीच नव्हतं.

आबा ट्रॉल्या थांबवायला उपरणं घेऊन रस्त्यावर उभे राहिले. मी गुडघ्यावर बसून हात आत घातला. करवंटी बोटांना लागली... आणि तेवढ्यात गाण्याचा दणदणाट आला. ट्रॅक्टरवाल्यानं एवढा मोठा स्पीकर लावलेला, की आबांची हाक त्याच्या कानापर्यंत पोचेना. खिडकीतून ऊस दिसला, ट्रॉलीच्या बाहेर हातहातभर आलेला, सरळ आमच्यावर येणारा.

"सत्या, खोली आत घे," आबा ओरडले. "दाब बटण. न्हाईतर गाडी मोडंल."

मी हात ओढला. मनगट अडकलं. 'नको' म्हणायचंही सुचलं नाही. मी फक्त वर पाहिलं.

सत्यजीत पांढराफटक पडला होता. आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले होते.

ऊस पत्र्यावरून करकरत गेला. खोली हादरली, खिडकीची काच फुटून खाली आली. मग ट्रॉली गेली आणि गाणंही लांब लांब गेलं.

"का दाबलं न्हाई?" मी विचारलं.

"तुम्ही सांगितलं न्हवतं."

"नवी गाडी हाय तुमची."

"आन् हात तुमचा हाय," तो म्हणाला.

मग मी सांगितलं, त्यानं वर दाबलं. करवंटी सुटली, हात बाहेर आला. खोली आत घ्यायचं बटण मात्र मीच दाबलं. खोली मुकाट्यानं सरळ आत गेली. आबा बाहेर पत्र्यावरचे ओरखडे बघत पुतण्याच्या नावानं बोटं मोडत होते.

सत्यजीतनं माझ्या हातावर तांब्यानं पाणी घातलं. धार हातावर कमी आणि माझ्या पायांवरच जास्त पडली. शेवटी मी तांब्या धरला... त्याच्या बोटांसकट.

"काम झालं," तो खाली बघत म्हणाला. "आता काय... तुम्ही येणार न्हाई."

"काच बसवायला वर्कशॉपातलं दुसरं कुणीतरी येईल."

त्याचा चेहरा पडला.

"मी येईन ती तुम्हाला भेटायला."

फटीत हात घालतानाही वाटली नव्हती, एवढी भीती मला हे बोलताना वाटली. तरी बोलले. आणि त्याची बोटं सोडली नाहीत.