आत्या पडद्यामागे गेली

ही गोष्ट कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. मी तिथे होते. माझी सख्खी आत्या तिथे होती. विश्वास ठेवा असा आग्रह मी धरणार नाही. ज्या डॉक्टरांनी आत्याच्या हाडांच्या फिल्म स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, त्यांचाही बसला नाही.

आणि हे रात्री घडलेलं नाही.

शनिवारची दुपार होती. बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं आणि दुकानात चांगली गर्दी होती.

आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, कोपऱ्यावर, ड्राय क्लीनरच्या शेजारी एक छोटं जपानी रेस्टॉरंट आहे. लाकडी काउंटर, पुढे उंच स्टुलं, चार टेबलं, छताला कागदी कंदील. काउंटरमागे उभा राहून एक बारकासा माणूस सुशीसाठी मासा कापायचा. त्याच्या पाठीमागे गडद निळा कापडी पडदा. पडद्यामागे स्वयंपाकघर. रामेन नूडल्सचं हाडांचं सूप तिकडे उकळायचं.

मालक धिप्पाड होता. हसरा. कुणाला तिखट चालत नाही, कुणाची मुलगी परीक्षेला बसली आहे, सगळं त्याच्या लक्षात असायचं. सूप आधी त्याची बायको करायची. ती क्वचितच बाहेर दिसायची. मागच्या वर्षी खालच्या कोठाराच्या पायऱ्यांवरून पडली आणि गेली. मालकाने चार दिवसांत दुकान उघडलं. लोकांना त्याचं फार कौतुक वाटलं. मलाही वाटलं होतं.

मी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. त्या आठवड्यात माझी नोकरी कायम झाली, म्हणून आत्याला जेवायला नेलं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. जन्मभर शाळेत मुलांना खेळ शिकवले. लग्न केलं नाही. अंगापिंडाने दणकट, आणि आवाज असा की मैदानावर शिट्टी लागत नसे. वडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं.

सुशीची ताटली समोर आली तेव्हा तिने भाताच्या गोळ्यावरचा गुलाबी मासा बोटाने दाबून पाहिला. म्हणाली, हा शिजवायचा राहिलाय की मुद्दाम ठेवलाय, विचार त्यांना. मग चॉपस्टिक्स पेन्सिलीसारख्या धरून दोन घास खाली पाडले आणि काटा मागवला. मालक हसत हसत स्वतः काटा घेऊन आला. आम्ही काउंटरलाच बसलो होतो.

सुशीवाल्याने पडद्यामागून रामेनचे वाडगे आणून ठेवले. आत्याने पहिला घोट घेतला.

तेवढ्यात पडद्यामागून...

धप्प.

भरलेलं पोतं आपटावं तसा आवाज.

आत्याने मान वर केली. मी म्हटलं, काहीतरी पडलं असेल.

धप्प. पुन्हा धप्प. मग स्टीलचं भांडं फरशीवर घरंगळत गेलं.

आणि मग... कुणीतरी श्वास आत ओढला. ओरडायचं आहे, पण तोंडावर स्वतःचाच हात दाबून धरला आहे, तसा.

मी आजूबाजूला पाहिलं. पलीकडचे आजोबा सूप भुरकत होते. टेबलावरचं जोडपं मुलाला भरवत होतं. कुणी मान वळवली नाही. सुशीवाल्याची सुरी मात्र माशात अर्धी जाऊन थांबली होती. मग पुढे सरकली. तुकडा वाकडा पडला.

गल्ल्याशी उभ्या असलेल्या मालकाने गाण्यांचा आवाज वाढवला.

आत्याने सुशीवाल्याला विचारलं, आत कोण आहे. तो खाली बघूनच म्हणाला, कुणी नाही. सूप सकाळीच होतं. आता आत कुणी नसतं.

धप्प.

"ऐकतेयस ना तू?" आत्या मला म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "ती म्हणतेय, पुन्हा नाही करणार. सारखं तेच म्हणतेय."

मला शब्द ऐकू येत नव्हते. फक्त फटके.

आत्याने तोंड पुसलं. नॅपकिनची नीट घडी घालून वाडग्याशेजारी ठेवली आणि उठली.

मालक लगेच आडवा आला. आत जाता येत नाही, असं गोड आवाजात म्हणाला.

"मग तुम्ही जा," आत्या म्हणाली. "कुणीतरी जायला हवं."

तो गेला नाही. पडद्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. पण त्याच्या कपाळावर घाम आला होता. एवढ्या थंडगार एसीमध्ये.

आत्याने त्याला खांद्याने बाजूला केलं, काउंटरची फळी उचलली आणि पडदा सारून आत गेली.

फटके थांबले.

आतून तिचा शाळेतला आवाज आला. कोण आहे, हात खाली घ्या. थोडा वेळ फक्त सूप उकळल्याचा आवाज. मग आत्या अगदी हळू बोलली. मी लहानपणी तापाने फणफणलेली असताना बोलायची तशी.

"ऊठ गं. तू हो बाहेर. मी आहे इथे."

पडदा फुगला...

त्यातून कुणी बाहेर आलं नाही. पण माझ्या गालाला गार, ओलसर काहीतरी घासून गेलं. उकळलेल्या हाडांचा वास आला. दुकानाच्या दाराची घंटी वाजली. दार आपोआप उघडलं, आणि हलकेच मिटलं.

आणि आत पहिला फटका बसला.

या वेळी ओरडली ती माझी आत्या होती.

मी धावले. स्वयंपाकघर अरुंद होतं. एका बाजूला शेगड्या, त्यावर कमरेएवढं उंच पातेलं, वाफ. दुसऱ्या बाजूला फ्रीज. मध्ये आत्या.

एकटी.

तिची मान फाडकन एका बाजूला वळली. ओठ फुटला, पांढऱ्या टाइल्सवर रक्ताची चिळकांडी उडाली. मग ती पोटात वाकली. मग कुणी केसांना धरून उचलावं तशी टाचा उचलून उभी झाली आणि फ्रीजवर जाऊन आदळली. उजवा हात पाठीमागे वळला. वळत गेला. मी रोज हाडं बघते. हाड मोडल्याचा आवाज मात्र आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

तिच्यासमोर कुणीही नव्हतं. हवा होती.

मी तिच्या कमरेला मिठी मारली. पुढचे फटके तिच्या अंगातून माझ्या अंगात उतरले. हाताची मूठ होती ती. बोटांचे उंचवटे मला कळत होते.

मागे पडदा सरकला. मालक आत आला. मला वाटलं, सुटलो.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आत्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या रक्ताकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. त्याने मला दंडाला धरून भिरकावलं. आत्याचे केस मुठीत धरले. मघाच्याच जागी. लांब दांड्याचा लोखंडी डाव उचलला.

"आवाज बाहेर जाता कामा नये, सांगितलं होतं ना तुला," तो म्हणाला. दात आवळून, हळूच. सवयीच्या माणसासारखा.

डाव वर गेला.

तेवढ्यात... बाहेर दाराची घंटी वाजली.

दुकानातून कुणाची तरी पावलं आली. अनवाणी पावलं. काउंटरची फळी खाली पडली. निळा पडदा बाजूला झाला, आणि कुणी आत येईपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बाजूलाच राहिला.

मालकाचा हात हवेतच थांबला.

त्याने तो खाली आणायचा प्रयत्न केला. येईना. डाव खाली पडला. मग त्याचे दोन्ही हात पुढे ओढले गेले. तो धिप्पाड माणूस टाचा रोवून मागे रेलला, बूट फरशीवर करकरले, पण तो पातेल्याकडे सरकत राहिला. लहान मुलाला हात धुवायला न्यावं, इतक्या सहज.

दोन्ही हात कोपरापर्यंत उकळत्या सुपात गेले.

ती किंकाळी मात्र सगळ्यांनी ऐकली. बाहेर खुर्च्या पडल्या. सुशीवाला आत आला. आम्ही दोघांनी मालकाला मागे ओढलं. तो हलेना. त्याचे गुडघे वाकले होते, डोळे पांढरे झाले होते, पण हात आतच. सूप उसळून आमच्याही अंगावर उडत होतं. माझ्या मनगटावर डाग आहेत त्याचे.

मग एकदम सुटला. तिघेही मागे पडलो.

त्याच्या हातांची सालं निघून लोंबत होती. त्याचं वर्णन मी करणार नाही. एकच सांगते. दोन्ही मनगटांवर, त्या लाल मांसाच्या मधोमध, धड कातडीचे पट्टे होते. बारीक, आखूड. प्रत्येक मनगटावर चार आणि खाली एक.

जिथे कुणाची तरी बोटं होती, तिथे भाजलं नव्हतं.

पोलीस आले. मालकाने जबाब दिला की पाय घसरला. आत्यानेही स्वतःबद्दल तेच सांगितलं. मी काय सांगणार होते?

सुशीवाला ॲम्ब्युलन्सपाशी माझ्याशेजारी उभा होता. सूप लागून त्याचाही गाल भाजला होता. न विचारता म्हणाला की मालकाची बायको पायऱ्यांवरून पडली नव्हती. तो रोज ऐकायचा. रोज मासा कापत राहायचा. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

आत्याला आमच्याच हॉस्पिटलमध्ये नेलं. फिल्म माझ्या सीनियरने काढल्या, माझ्या भाजलेल्या मनगटावर पट्टी होती म्हणून. उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता. दोन बरगड्या. ते अपेक्षितच होतं.

पण फिल्मवर आणखीही काही होतं...

डाव्या मनगटात एक वाकडं जुळलेलं हाड. पाठीकडच्या बरगड्यांवर ओळीने गाठी. हाड मोडून, भरून येऊन, त्याच जागी पुन्हा मोडलं की येतात तशा. काही वर्षांच्या, काही महिन्यांच्या. आत्याच्या दर वर्षीच्या तपासणीत छातीची फिल्म मीच काढते. मागच्या वर्षीची फिल्म मी शोधून शेजारी लावली. तीत एकही गाठ नव्हती.

डॉक्टरांनी मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं. आवाज खाली आणून विचारलं, "घरी कोण मारतं यांना?"

मी म्हटलं, ती एकटी राहते.

त्यांनी नुसती मान हलवली.

आत्या घरी आली. मी सामान घेऊन तिच्याकडे राहायला गेले. पहिले काही दिवस ठीक होते. डाव्या हाताने खायची, वाटेल तिथे सांडायची, आणि सांडलं की मलाच रागवायची. त्या बाईबद्दल एकदाच बोलली. "सुटली गं ती," म्हणाली. "माझा हात धरला होता तिने. मग सोडला."

मालक तिकडे भाजलेल्यांच्या वॉर्डात होता. जखमा चिघळल्या आणि एका सकाळी तो गेला. मला ड्यूटीवर असतानाच कळलं. खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. आता संपलं, असं वाटलं.

त्याच संध्याकाळी मी घरी आले तर आत्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खाली बसली होती. ओट्याला पाठ लावून. डावा हात डोक्यावर आडवा धरून. विचारलं तर म्हणाली, चक्कर आली.

पंधरवड्याने प्लॅस्टर बघायला नेलं. पुन्हा फिल्म काढली. या वेळी मीच काढली.

एक बरगडी नव्याने मोडली होती.

डॉक्टरांनी फिल्म बघितली. मग माझ्याकडे बघितलं. कोण राहतं आता यांच्यासोबत, असं त्यांनी विचारलं. मी राहते, म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

घर बदलून पाहिलं. आता आम्ही माझ्या मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये आहोत. मी आत्याला एकटं सोडत नाही. मी समोर असले तरी काही फरक पडत नाही, हे काल कळलं.

काल दुपारी ती खिडकीशी खुर्चीत बसून पेपर वाचत होती. मी समोर भाजी निवडत होते. उन्हात तिचे पांढरे केस चमकत होते. काहीतरी बातमी वाचून ती मोठ्याने हसली. तिचं ते दणदणीत हसणं किती दिवसांनी ऐकलं म्हणून मी मान वर केली.

आणि मी बघत असताना...

तिचं डोकं फाडकन डावीकडे वळलं. चष्मा उडून माझ्या पायाशी पडला.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिच्या गालावर हळूहळू चार लाल बोटं उमटत होती. जाडजूड.

मी तिच्याकडे धावले. तिने हात वर करून मला थांबवलं. मग खाली वाकून पेपर गोळा केला, पानं नीट लावली, आणि दाराकडे एकदा चोरून बघितलं.

"ओरडू नकोस," माझी आत्या कुजबुजली. "माझंच चुकलं. मी मोठ्याने हसले."