वर्षभराचा प्लॅन

रिचार्ज करायला दुकानाची पायरी चढावी लागायची, त्या दिवसांतली ही गोष्ट.

ती पहिल्यांदा आली ती झेरॉक्स काढायला. ओली छत्री दाराशी टेकवून तिने कागद पुढे केला. तो मशीनवर ठेवता ठेवता दुकानातल्या तरुणाने वाचलाच. अक्षर इतकं नेटकं होतं की नजर हटेना. एका फोन कंपनीला लिहिलेलं खरमरीत पत्र होतं ते. दोन वर्षांचा करार संपला, तरी बिलं येतच होती.

"दुसऱ्यांची पत्रं वाचायची सवय आहे वाटतं?"

"फक्त सुंदर अक्षरातली, मॅडम."

दुकानात येणाऱ्या हरेक बाईला 'ताई' म्हणणारा तो. हिला मॅडम का म्हणाला, देव जाणे. कोपऱ्यात चार्जर दुरुस्त करत बसलेल्या त्याच्या बाबांनी मान वर करून पाहिलं.

"आमच्याकडे कराराची भानगड नाही," तो घाईघाईने म्हणाला. "अठ्ठावीस दिवसांचं स्वस्त कार्ड आहे. पटलं तर पुन्हा या, नाही पटलं तर... नका येऊ."

ती पुन्हा आली. मग दर अठ्ठावीस दिवसांनी येत राहिली. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची, बोटांना शाईचे डाग असायचे. रिचार्जला दोन मिनिटं पुरायची, पण त्याचं मशीन नेमकं तेव्हाच अडायचं.

"मशीन अडतं की तुम्ही?" ती विचारायची.

"दोघंही जरा हट्टी आहोत."

सव्विसाव्या दिवसापासूनच त्याचा शर्ट इस्त्रीचा असायचा. बाबा नुसते खाकरायचे.

मग वर्षभराचा प्लॅन निघाला, जवळजवळ निम्म्या खर्चात. सगळ्यात स्वस्त ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, हा बाबांचा दंडक. त्याने अख्ख्या गल्लीला तो प्लॅन सांगितला आणि तिच्यापुढे मात्र तोंडाला कुलूप लावलं. सांगितलं तर ती थेट पुढच्या वर्षी दिसणार होती.

असे चार महिने गेले. एकदा ती कपाळ चोळत आली.

"नंबर वाढलाय चष्म्याचा. डोकं ठणकतं. पण यंदा नवा घेणं जमेलसं वाटत नाही."

तो मशीनवरचा हात काढून तिच्या चष्म्याकडे पाहू लागला. आपल्या दोन घटकांच्या सुखासाठी ही दिवसभर डोळे फोडतेय आणि वर जास्तीचे पैसेही भरतेय.

"एक स्वस्त प्लॅन आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "वर्षाचा. चार महिने झाले."

"आणि मला आज सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता. आणि मला — मला तुम्ही यायला हव्या होतात. चुकलंच माझं."

बाबांचा स्क्रूड्रायव्हर थांबला. तिने पर्स मिटली. आता पाठ फिरवणार, असं त्याला वाटलं.

"त्या प्लॅनची पत्रकं आमच्याच छापखान्यात छापली," ती हळूच म्हणाली. "मीच तपासली. खालची बारीक अक्षरंसुद्धा."

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुमच्याही आधी आठवडाभर."

"मग घेतला का नाही?"

"किती प्रश्न विचारता हो." तिचे कान लाल झाले होते. "आता टाका वर्षाचाच. चष्मा घ्यायचाय मला. आणि उद्या संध्याकाळी येईन तेव्हा रिचार्जचं निमित्त लागणार नाही ना?"

प्लॅनच्या अटी एका दमात म्हणून दाखवणाऱ्या त्याने तिचा नंबर दोनदा चुकीचा टाकला.

"अरे, उभी काय ठेवलीस तिला?" बाबा म्हणाले.

त्याने काउंटरची फळी उचलली आणि ती आत आली.