शंभर वेळा ओढा

शिवकन्या गावच्या पाणी सोसायटीत काँप्युटर सांभाळायला रुजू झाली त्याच दुपारी उत्तरेश्वरचा टँकर नळाखाली लागला. त्यानं टँकरच्या खिडकीतून हात काढून, पाणी सोडायला कार्ड लावायचं वायरीवरचं यंत्र जवळ ओढलं... आणि काँप्युटरचा पडदा काळाठिक्कर पडला. पाणी थांबलं.

"काय केलंत हो?" ती बाहेर धावली.

"तुमच्याकडं बगितलं... दुसरं काय?"

तिला हसू आलं, पण चेअरमन सुंदरराव हसले नाहीत. "तिसऱ्यांदा झालं हे! ह्याचा हातच वाईट. उद्यापासून ह्याचा टँकर बंद!"

उत्तरेश्वरचा चेहरा उतरला. शिरूरच्या माळावरच्या दोन वस्त्या त्याच्याच टँकरवर जगत होत्या.

"हात वाईट नसतोय, काका," शिवकन्या म्हणाली. "खोट यंत्रात हाय."

दोन दिवस ती काँप्युटर बंद पडण्याआधीच्या त्यातल्या नोंदी वाचत बसली. बाजूच्या लिंबाखाली उत्तरेश्वर रिकामा टँकर लावून बसे. कधी पाण्याचा तांब्या आणून देई, कधी नुसताच बघत राही.

तिसऱ्या दिवशी ती ओरडली, "सापडलं!"

"मला कळंल असं सांगा."

"काँप्युटरचा गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. मेमरीतली जागा तो वाटतो आणि परत घेतो. तुमी ओढलं की वायर क्षणभर सुटती. त्याला वाटतं, कार्डाचं यंत्र गेलं. तो जागा काढून दुसऱ्याला देतो. पण कार्ड वाचायचं काम अर्धवट चालूच असतं... ते त्याच जागेत लिहीत बसतं. ऊसतोडीवर आपली पाचटाची कोपी मोडून दुसऱ्यानं तिथं कोपी घातली, अन् आपण जाऊन त्याच्याच घरात चूल मांडली, तर?"

"मारामारी."

"तीच झाली."

उपाय प्रोग्रामच्या चार ओळींचा होता — आधी अर्धवट काम थांबवायचं, मगच जागा परत घ्यायची.

सुंदरराव आडवे आले. "पोरी, कंपनीचा माणूस येतोय पंधरा दिसांनी. तोवर हात लावायचा न्हाई."

"पंधरा दिवस त्या वस्त्यांनी काय प्यायचं? बिघडलं तर मला काढून टाका. मी हात लावणार!"

तिनं लावला. काँप्युटर पुन्हा सुरू झाला, तेव्हा हंडे घेतलेल्या बायकाही रांग सोडून ऑफिसच्या खिडकीशी जमल्या.

"ओढा," ती उत्तरेश्वरला म्हणाली. "शंभर वेळा. जोरात."

तो टँकरात चढून खिडकीतून यंत्र ओढू लागला. वायर सुटत होती, जोडली जात होती. दहा... तीस... पडदा उजळच. साठाव्या वेळी तो थांबला.

"हात दुखला?"

"न्हाई. शंभर झाल्यावर इथं थांबायला काय निमित्त सांगू, त्याचा इचार करतोय."

बायका खुसखुसल्या. शिवकन्याचे कान तापले. "मोजा गप!"

शंभर झाले. सुंदररावांनी पडद्याकडं एकवार पाहिलं. "सोडा पाणी," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

टँकर धो-धो भरू लागला. त्या आवाजात उत्तरेश्वर हळूच म्हणाला, "आमच्या आप्पाला तुमच्या घरी पाठवू? तुमच्या वडलांना इचारायला..."

"वडलांना मागनं," ती म्हणाली. "आदी मला इचारा."

"माझ्याशी लगीन करता?"

"करते."

मग टँकर भरताच पलीकडचं दार उघडून, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत, ती त्याच्या शेजारच्या सीटवर चढून बसली.

"चला. माळावरचे लोक वाट बघतेत."