लालाचा जांभळा

दार तिनं खांद्यानंच ढकललं, कारण दोन्ही हातांत परीक्षानळ्यांचा स्टँड होता. दारामागे गुडघे टेकून बसलेला माणूस “आई गं!” म्हणत उडाला.

“कोण तुम्ही?”

“प्रकाशमापक दुरुस्त करायला आलोय. आता आधी मलाच दुरुस्त करावं लागेल.”

तिला हसू आलं, पण वेळ नव्हता. प्रयोगशाळेत सगळे तिला ‘सोनारीण’ म्हणत. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर डीएनएचे धागे बसवायचे, हे तिचं काम. तीन वाजता काम तपासायला समिती येणार होती. प्रयोग फसला तर दोन वर्षांच्या कामावर पाणी.

“तीनच्या आत होईल?”

“तुम्ही अशा बघत राहिलात तर... चारही वाजतील.”

“मग नाही बघत,” म्हणत तिनं दोन नळ्यांतलं लालभडक पाणी एकत्र केलं. तो मात्र स्क्रू सोडून बघत राहिला. बघता बघता पाणी जांभळं झालं.

“अरेरे, बिघडलं?”

“जमलं! या धाग्यांना त्यांचे जोडीदार सापडले, कण जवळ ओढले गेले. जवळ आले की त्यांच्यातून प्रकाश वेगळाच बाहेर पडतो.”

“आणि लांब गेले की?”

“पुन्हा लाल. थोडी ऊब दिली की धागे सुटतात.”

पावणेतीनला यंत्र सुरू झालं, तीनला समिती आली. समितीतल्या जाड चष्म्याच्या बाईंनी नळी उजेडात धरली. “यात शाई नाही कशावरून?”

तिनं पाण्याचं भांडं पुढं सरकवलं. “तुम्हीच गरम करा, बाई.”

बाईंनी नळी कोमट पाण्यात धरली. लाल. गार केली. जांभळी. दर वेळी यंत्रात ठेवल्यावर पडद्यावरची रेषाही तशीच सरकली. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, “काम चालू ठेवा.”

सगळे गेले. तो मात्र एकच स्क्रू अर्धा तास पिळत होता.

“यंत्र झालं ना दुरुस्त?”

“केव्हाच.”

“मग?”

“मग... म्हणजे... मला असं म्हणायचं होतं—”

कानापर्यंत लाल झालेल्या त्या माणसाची तिला गंमत वाटली, आणि गमतीहूनही थोडं जास्त काहीतरी. तिनं त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर अलगद काढून घेतला.

“तुम्ही मला आवडलात,” ती म्हणाली. “उद्या मला सुट्टी आहे. तुम्हाला?”

“नव्हती,” तो म्हणाला. “आत्ताच घेतली.”