ताणलेला दोरा

पृथ्वीगोल बनवणारा म्हातारा काल दुपारी आपल्याच कारखान्यात मरून पडलेला सापडला. डोक्यात गोलाच्या पितळी बैठकीचा घाव होता. घरात तेव्हा एकटी धाकटी सून. नवरा गेल्यापासून गोलांवर नकाशाच्या पट्ट्या चिकटवायचं काम तीच करत होती. फौजदार तिला न्यायला गाडी घेऊनच आला होता.

सुनेने ताईला बोलावून घेतलं. ताईचा खासगी गुप्तहेराचा धंदा होता आणि तिचा धाकटा भाऊ पेशाने दंतवैद्य. बहिणीमागे फिरायची त्याला भारी हौस, पण डोक्यात प्रकाश जरा उशिराच पडायचा.

"मामंजी कारखाना माझ्या हाती देणार होते," सून म्हणाली. "मी त्यांना कशाला मारीन?"

म्हणजे संशय थोरल्या मुलावर यायचा. पण थोरला तेव्हा आकाशात होता. परदेशाहून नऊ तासांचा प्रवास करून तो काल संध्याकाळी उतरला होता. तिकीट, शिक्के, सगळं चोख. विमान अगदी वेळेवर आल्याची खात्री ताईने फोनवर करून घेतली होती. त्याला विमानतळावरून घरी आणणारा त्याचा भागीदार शेजारीच बसला होता. दोघे सख्खे भाऊ वाटावेत इतके सारखे. मात्र भागीदार भरदुपारी पेंगत होता आणि थोरला ताजातवाना होता.

"प्रवास कसा झाला?" ताईने सहज विचारलं.

"झोप कुठली लागतेय? खिडकीशी बसून होतो."

"खाली काय दिसलं?"

थोरल्याची नजर समोरच्या भिंतीवरच्या नकाशावरून फिरली. "समुद्र. लख्ख ऊन होतं. सगळा वेळ नुसतं पाणी."

दंतवैद्याने नकाशावर बोट फिरवून पाहिलं. विमान निघालं आणि उतरलं त्या दोन शहरांमध्ये सरळ रेघेत खरोखरच समुद्र होता. गडी खरं बोलतोय, असं तो ताईच्या कानाशी पुटपुटला. फौजदाराने सुनेला उठायची खूण केली.

"थांबा," ताई फौजदाराला म्हणाली आणि सुनेकडे वळली. "जाण्याआधी या दोन शहरांमधलं सर्वांत जवळचं अंतर गोलावर दाखवा."

सुनेने दोरा घेतला. सवयीने तिने तो घट्ट ताणला. दोरा समुद्राच्या वाटेला गेलाच नाही. उत्तरेकडे चढून तो बर्फाच्या डोंगरांवरून खाली आला.

"सपाट नकाशावरची सरळ रेघ गोलावर लांबची पडते, विमानं या वाटेने येतात," ताई थोरल्याला म्हणाली. "समुद्रावरून आलं असतं तर नऊ तासांत पोचलंच नसतं. तुम्ही नकाशा वाचून दाखवलात. तुम्ही गेलाच नव्हतात. तुमच्या कागदांवर हे तुमचे भागीदार गेले आणि हेच आले. म्हणून यांच्या अंगात अजून तिकडची रात्र आहे."

ती भागीदाराकडे वळली. "तुम्ही सांगा, खाली काय दिसलं?"

भागीदाराची झोप पार उडाली होती. "बर्फ," तो म्हणाला. "हा माणूस खून करणार आहे हे मला माहीत नव्हतं, शपथ."

फौजदाराने थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

सुनेच्या हातात दोरा तसाच होता. आता तिला रडू फुटलं. "मामंजी सांगायचे," ती म्हणाली, "थोरल्याला लहानपणी हा दोरा कितीदा ताणून दाखवला. तो कधी बघायचाच नाही."