पाच चेहरे, सहा नावं

फोटोतल्या मधल्या शिपायाला डोकं नव्हतं. गळ्यापर्यंत गणवेश शाबूत, आणि वर गोल भोक.

लष्करी अभिलेख कार्यालयातल्या भिंगवाल्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. जुन्या फोटोंतले शिपाई भिंगातून ओळखून देणं हे त्यांचं तीस वर्षांचं काम. निवृत्तीला दोन महिने उरले होते, आणि लोकांचे बाप-आजे शोधून शोधून त्यांचा जीव विटला होता.

"हे माझे वडील," समोर बसलेल्या निवृत्त शिक्षिका भोकाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मी पाळण्यात होते तेव्हा लढाईत गेले. उद्या पलटणीच्या स्मारकासाठी तुमच्याकडून ओळख पटवलेला फोटो द्यायची शेवटची तारीख, आणि घरात हा एवढाच. सुनेचंच काम असणार. जुनं सामान तिच्या डोळ्यांत खुपतं."

"सुनेनं अख्खा अल्बम रद्दीत घातला असता. नुसतं डोकं कशाला कापेल? हा अल्बममधून सुटा कोणी केला?"

"ज्यानं कापला त्यानंच. तुमच्याकडे यायचं गुरुवारी घरात बोलले आणि शुक्रवारी हा असा सापडला."

"मागची बाजू पाहिली होती कधी?"

"कशी बघणार? डिंकानं चिकटवला होता."

भिंगवाल्यांनी फोटो उलटा केला. तळाशी शाईनं नावं लिहिली होती. पाच नावांपुढे हुद्दे होते, सहावं नाव नुसतंच. ते बाईंच्या वडिलांचं होतं.

"अक्षर कुणाचं?"

"बाबांचंच. त्यांची पत्रं आहेत ना माझ्याकडे. पण समोर तर पाचच जण. एखादा कडेचा कापला गेला असेल."

फोटोची पांढरी कड मात्र चारही बाजूंनी जशीच्या तशी होती. भोक बारीक कात्रीनं, सावकाश कापलं होतं. बाजूच्या शिपायाच्या टोपीलाही धक्का लागला नव्हता.

"हेच वडील, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आत्यानं. मी सहा वर्षांची होते, बाबा बघायचेत म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तिनंच मला वाढवलं, लोकांचे कपडे शिवून."

भिंगवाल्यांनी उसासा टाकला. त्यांचे गुडघे सकाळपासून ठणकत होते. "चला, तुमच्या घरी जाऊ."

आत्या खिडकीशी बसली होती. शहाऐंशी वर्षांची, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवणारी.

"आजी, फोटो तुम्ही कापलात," भिंगवाले म्हणाले. मग ते बाईंकडे वळले. "कड शाबूत, म्हणजे फोटोतून कोणी गळलेलं नाही. दुसऱ्यांचे हुद्दे माणूस आठवणीनं लिहितो, स्वतःचा लिहीत नाही. हा सहावा समोर उभा नव्हता, कॅमेऱ्यामागे होता. बाई, तुमचे वडील या फोटोत नाहीत. फोटो त्यांनी काढलाय."

बाईंनी फोटो त्यांच्या हातून ओढून घेतला.

"भावाचा चेहरा बहीण चुकेल कशी? तुमचं रडं थांबावं म्हणून यांनी एका देखण्या गड्यावर बोट ठेवलं. आमच्या कार्यालयात ते उघडं पडणार, म्हणून कात्री चालवली. कात्रीवर इतका बसलेला हात या घरात दुसऱ्या कुणाचा नाही."

"म्हणजे मी जन्मभर एका परक्या माणसाला बाबा म्हणत आले," बाई म्हणाल्या. "आत्या, एकदा तरी सांगायचंस."

"सांगणार होते. तू मोठी झाल्यावर, मग तुझ्या लग्नानंतर. राहूनच गेलं." आत्यानं भिंगवाल्यांकडे पाहिलं. "बाकी सगळं बरोबर ओळखलंत. पण खोटं उघडं पडेल म्हणून नाही कापला. या वयात कसली लाज? हिला दाखवता दाखवता मीही त्यालाच बघत राहिले. आता डोळे मिटले की दादा म्हणून तोच येतो. माझा दादा येतच नाही. ही फोटो घेऊन जाणार म्हणाली, तेव्हा वाटलं, स्मारकावरही हाच लागला तर संपलंच. हा गेला तर दादा परत दिसेल."

बाईंनी विचारलं.

"दिसले?"

"नाही गं," आत्या म्हणाली.